आधी मूठ, मग पिस्तूल

"तुमचे मिस्टर काय करतात हो?" या प्रश्नाला माझी बायको सुनंदा गेली कित्येक वर्षं "ते स्पोर्ट्समध्ये आहेत" असं उत्तर देते. ते खोटं नाही. शारजाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका नेमबाजी क्लबचं शस्त्रागार मी सांभाळतो. पण नीट खरं सांगितलं की काय होतं, तेही आम्ही अनुभवलं आहे. कराडला पुतणीच्या लग्नाच्या बोलणीत माझ्या थोरल्या भावाने छाती पुढे काढून सांगितलं, "आमचा दिलीप तिकडं दुबईला पिस्तुलांचं बघतो." मुलाकडची मंडळी चहा अर्धा टाकून उठली नाहीत एवढंच. पुढे आठ दिवस त्यांचा फोन नाही. शेवटी मीच इथून फोन करून खुलासा केला, की मी पिस्तुलं पुसतो, तेल देतो, मोजून कपाटात ठेवतो, परवाना असलेल्या सभासदाला निवडून देतो आणि संध्याकाळी बसने अल नहदाच्या फ्लॅटवर रिकाम्या हाताने परत जातो. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना इथे स्वतःचं पिस्तूल ठेवता येत नाही. क्लबमध्ये यायचं, क्लबचं वापरायचं, तिथेच ठेवून घरी जायचं. हे ऐकल्यावर व्याह्यांच्या आवाजात जी निराशा आली, ती मला अजून बोचते.

माझ्या नेमाबद्दल न बोललेलं बरं. क्लबमधले लोक माझा टार्गेटचा कागद बघून "दिलीपभाई, आज कागद तरी लागला," म्हणतात. पण दुसऱ्याच्या हाताला कुठलं पिस्तूल बसेल हे मला कळतं, आणि ते का कळतं याचं कारण कराडच्या मंडईजवळ आहे. आमचं घर कासाराचं. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. बाईने हात पुढे केला की वडील तिच्या तोंडाकडे न बघता अंगठ्याचं पेर आत दाबायचे, हात मिटवून बघायचे आणि म्हणायचे, "दोन-सहा." हात मोठा असेल तर दोन-आठ. बाई म्हणायची, "नाही हो, माझा दोन-चार आहे." वडील काही न बोलता दोन-सहा चढवायचे आणि ती बसायची. कॉलेज संपेपर्यंत मी त्या गादीवर होतो. त्यामुळे माणूस समोर आला की मी आधी हात बघतो, चेहरा नंतर. इथे आल्यावर सुरुवातीला हमरिया फ्री झोनमध्ये पाने-पकडी विकणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. ती कंपनी बंद पडली तेव्हा क्लबला मोजदाद नीट ठेवणारा माणूस हवा होता. रॅमन नावाचा फिलिपिनो शस्त्रागारप्रमुख होता, त्याने मला हाताखाली घेतलं, चार वर्षं शिव्या देत शिकवलं आणि चाव्या माझ्या हातात ठेवून तो गावी गेला.

तर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. तिच्याच धक्क्याने वरचा पोलादी भाग, ज्याला आम्ही स्लाइड म्हणतो, मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवीन काडतूस आत ढकलतो. पुन्हा ओढाल तेव्हा दुसरी. पहिलं काडतूस मात्र स्लाइड हाताने मागे खेचून आपल्यालाच भरावं लागतं. आणि मध्येच काडतूस अडकलं तर ते काढायलाही तीच स्लाइड खेचावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा. माझी पुढची सगळी कहाणी या एका खेचण्याची आहे.

निवडायला येणारं बहुतेक गिऱ्हाईक उलटं चालत येतं. आधी कंपनीचं नाव, मग रंग, मग मित्राकडे कुठलं आहे ते, आणि हात सगळ्यात शेवटी. माझ्याकडे क्रम दुसरा आहे. आधी मूठ. डोळे मीट म्हणतो, रिकामं पिस्तूल समोर उचल म्हणतो, आता उघड. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, मागच्या खाचेत आपोआप दिसली तर ते तुझं. शोधावी लागली तर दुसऱ्याचं. मग बोट. पहिलं पेर चापावर सरळ पोचायला हवं, मनगट न वळवता. मग स्लाइड खेचून बघायची. मग चाप कसा सुटतो ते. चांगल्या पिस्तुलाचा चाप कोरी नोट दुमडावी तसा एकसारखा जातो, मध्ये कचकच लागत नाही. हलवलं तर आत खुळखुळायला नको, आणि कुठल्याही बनावटीची गोळी त्याने तक्रार न करता खाल्ली पाहिजे. हे सगळं झालं की नाव विचारा. बायका आल्या की मी हात धरत नाही, इथे ते चालत नाही. त्या पंजा काउंटरवरच्या कागदावर ठेवतात, मी लांबून बघतो. बांगडीच्या गादीवर वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

पुण्याहून नातेवाइकांकडे आलेलं एक जोडपं आठवतं. नवऱ्याने तीन महिने व्हिडिओ बघितले होते. कुठल्या पिस्तुलाची नळी किती इंच, वजन किती ग्रॅम, सगळं पाठ. बायकोला दम लागेपर्यंत समजावत होता. "तू खांदे सैल सोड. श्वास अर्धा धर. धक्का बसेल हं, घाबरू नकोस." ती बिचारी पर्स कुठे ठेवू विचारत होती. दहा गोळ्या त्याच्या, दहा तिच्या. त्याच्या कागदाच्या चारही कोपऱ्यांना न्याय मिळाला होता. तिच्या दहाच्या दहा मधल्या काळ्यात. तो म्हणाला, "तिचं पिस्तूल चांगलं होतं." मी म्हटलं, "साहेब, एकच होतं." बाई खाली बघून हसली आणि पर्स उचलली.

बाळगायचं पिस्तूल आणि नेमबाजीचं पिस्तूल एकच घेऊ का, असं दर दुसरा परवानाधारक विचारतो. बाळगायचं हलकं हवं, आखूड हवं, कमरेला टोचायला नको. नेमबाजीचं जड हवं, लांब हवं, हातात दगडासारखं थांबायला हवं. दोन्हीला एकच घेणारा माणूस म्हणजे एकाच जोड्यात लग्नालाही जाणार आणि चिखलातही. जाता येतं. पण दोन्हीकडे पाय दुखतात.

एवढं ज्ञान पाजळणारा मी, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या हाताबाबत कसा चुकलो ते आता सांगतो.

अबू राशिद हे क्लबचे अगदी सुरुवातीपासूनचे सभासद. राशिद त्यांचा थोरला मुलगा, म्हणून अबू राशिद. खरं नाव फक्त परवान्यावर. सत्तरी ओलांडलेली, बंदरावरच्या कस्टम्समधून निवृत्त, धैदला खजुराची शेती. तरुणपणी वडिलांबरोबर मुंबईला माल घेऊन जायचे, त्यामुळे हिंदी असं बोलायचे की डोळे मिटले तर माणूस मस्जिद बंदरला उभा आहे असं वाटावं. दर गुरुवारी दुपारी यायचे, पन्नास गोळ्या झाडायचे, माझ्याबरोबर सुलेमानी चहा घ्यायचे. त्यांचं पिस्तूल जुनं, नऊ एमएमचं, अख्खं पोलादी. शेतावर जाताना ते कमरेला असायचं. परवाना होता, रीतसर.

त्या परवान्याचं नूतनीकरण आलं की क्लब एक हाताळणीचा दाखला देतो. त्यावर दोन ओळी असतात. पहिली, हा माणूस रेंजवर पिस्तूल सुरक्षित वापरू शकतो. दुसरी, हा माणूस ते बाहेर बाळगू शकतो. दोन्हीपुढे शस्त्रागारप्रमुखाची सही, म्हणजे माझी.

गेल्या वर्षी उन्हाळा उतरता उतरता ते फॉर्म घेऊन आले. बोटांची पेरं सुजलेली मला वर्षभर दिसत होती, म्हणून पहिलं काडतूस त्यांनी न सांगता मीच चढवून द्यायचो. चाचणी साधी असते. मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या डबीत, पाच खरी काडतुसं आणि मध्ये कुठेतरी मी एक नकली घालतो. नकलीवर चाप ओढला की नुसतं 'टक्'. तेव्हा स्लाइड खेचून ते बाहेर टाकायचं आणि पुढची गोळी झाडायची. एवढंच.

दोन गोळ्या बरोबर गेल्या. मग 'टक्'. अबू राशिदांनी स्लाइड धरली. सरकली नाही. पुन्हा धरली. बोटं घसरली. तिसऱ्या वेळी त्यांनी ते केलं जे हातात जोर नसलेला माणूस नकळत करतो. पिस्तूल पोटाशी घेतलं, मागून पोटाचा रेटा दिला आणि दोन्ही हातांनी खेचलं. नळी त्यांच्याच डाव्या कोपराकडे वळली होती. आत खरं काडतूस जाणार होतं. आणि बोट चापावर होतं.

मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला सलाम सोडून हात लावला नव्हता.

"बाबा, उँगली बाहर."

उँगली बाहेर आली. मी मॅगझीन काढून घेतलं.

"एक बार और," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा नकली काडतुसाला त्यांनी पुन्हा पिस्तूल पोटाशी नेलं. मी फॉर्म मिटला.

"टार्गेट का साइन करता हूँ, बाबा. बाहर ले जाने का नहीं करूँगा."

"तू नहीं करेगा?"

"नहीं."

"तेरे को मालूम है ये मेरे पास कब से है? तू उधर चूड़ी बेचता था, तब से."

"चूड़ी ही बेचता था, बाबा. इसीलिए हाथ समझता हूँ."

बोलून गेलो आणि जीभ चावली. त्यांनी डोक्याला टोपीसारखी बांधलेली गुत्रा, म्हणजे अरबी रुमाल, नीट केली, पिस्तूल तसंच बाकावर टाकलं आणि निघून गेले. चहा न घेता. मी पिस्तूल रिकामं केलं, त्यांच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवलं आणि रजिस्टरला नोंद केली. परवाना संपायला अजून महिना होता.

आमचे मॅनेजर फादी. लेबनीज माणूस, मनाने वाईट नाही, पण कमिटीतल्या कुणाचा फोन आला की त्याच्या कपाळावर घाम येतो. कमिटीत अबू राशिदांचे चुलतभाऊ होते. दुसऱ्या दिवशी फादीने मला आत बोलावलं.

"हबीबी, तू पिस्तुलं मोज. माणसं मोजू नकोस."

"नळी त्यांच्याच अंगाकडे गेली, सर. दोनदा."

"ते म्हातारे आहेत. कमरेला लावतात आणि खजुराच्या झाडाखाली बसतात. झाडायचं कुणाला आहे? कर सही."

"न झाडणाऱ्यालाच अडकलेली गोळी काढता यायला हवी, सर. झाडणाऱ्याचं एकवेळ चालेल."

फादीने पेन टेबलावर दोनदा आपटलं. "महिना आहे. विचार कर. त्या ओळीवर शस्त्रागारप्रमुखाची सही लागते, दिलीपचीच लागते असं कुठे लिहिलेलं नाही."

मला कळलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की फ्लॅट, आणि आमची ईरा तेव्हा बारावीत, बोर्ड चार महिन्यांवर. शुक्रवारी जेवताना मी सगळं सांगितलं. घरात मला कुणी घाबरत नसल्यामुळे सल्ले मोकळेपणाने मिळतात.

"बाबा, डोन्ट साइन. दॅट्स इट," ईरा म्हणाली. तिचं सगळं दोन वाक्यांत असतं.

"तुला सोपं आहे गं," मी म्हटलं. "तुझ्या बोर्डाचं काय?"

"आय विल गिव्ह इट फ्रॉम कराड."

सुनंदा भाजी वाढत होती. "अहो, पण एक विचारू? मागच्या वेळी केली होतीत ना सही? तेव्हा त्यांचे हात बरे होते?"

मागच्या नूतनीकरणाला मी चाचणी घेतलीच नव्हती. चहा पिता पिता, गप्पा मारता मारता दोन्ही ओळींवर सही करून टाकली होती. पेरं तेव्हाही सुजायला लागली होती. दोन वर्षं तो माणूस माझ्या सहीच्या जोरावर पोटाशी भरलेलं पिस्तूल घेऊन हिंडत होता, आणि काही झालं नाही यात माझी अक्कल काडीइतकी नव्हती.

"नव्हते," मी म्हटलं.

"मग आता नुसतं नाही म्हणून भागत नाही तुमचं," सुनंदा म्हणाली. "त्यांचा गुरुवार तुम्ही बंद पाडलाय. तो तरी चालू करा."

त्या महिन्यात मी दोन गोष्टी ठरवल्या. दुसऱ्या ओळीवर सही करायची नाही, नोकरी गेली तरी. आणि अबू राशिदांच्या हातात बसेल असं पिस्तूल शोधायचं, ज्याने ते रेंजवर त्यांचे पन्नास बार कुणाच्या मदतीशिवाय टाकू शकतील.

पुढच्या गुरुवारी ते आले. मला वाटतं, मला खोटं ठरवायलाच आले. मी तयारीत होतो. पंजा लहान, मला तो पहिल्यापासून माहीत, आमच्या भाषेत दोन-सहा. जोर कमी. म्हणजे पिस्तूल हलकं, बारीक मुठीचं. वडील लहान हाताला लहान बांगडी देत, तसा हिशेब. क्लबमधलं सगळ्यात छोटं, प्लास्टिकच्या मुठीचं, खिशात मावेलसं पिस्तूल त्यांच्यासमोर ठेवलं. मनात म्हटलं, दिलीप, तू शेवटी कासाराचाच.

स्लाइड हललीसुद्धा नाही. लहान पिस्तुलाची स्प्रिंग जास्त कडक असते, कारण स्लाइडला मागे जायला जागा थोडी. हे मला माहीत होतं. रॅमनने शिव्या देऊन शिकवलं होतं. पण हात बघण्याच्या अभिमानात मी ते विसरलो. शेवटी मी भरून दिलं. पहिल्याच बाराला ते हलकं पिस्तूल बेडकासारखं उडालं, बारीक मूठ त्यांच्या न मिटणाऱ्या बोटांतून फिरली आणि दुसरं काडतूस तिरकं अडकलं. मनगट ढिलं पडलं की स्लाइडला मागे टेकायला काही उरत नाही, म्हणून असं होतं.

शेजारच्या लेनमधली दोन तरुण पोरं बघत होती. अबू राशिदांनी पिस्तूल खाली ठेवलं.

"ये बच्चों का है," ते म्हणाले. "मैं बच्चा हो गया क्या?"

त्यानंतर दोन गुरुवार ते आले नाहीत. फोन उचलला नाही. तिसऱ्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी मी धैदला गेलो. सुनंदाने डब्यात नारळाच्या वड्या दिल्या. म्हणाली, "नुसत्या हाताने जाऊ नका, भांडायला गेल्यासारखं वाटतं."

शेताच्या फाटकाशी त्यांनी मला पाहिलं आणि आत नेलं. खजुराच्या झाडांमागे पत्र्याच्या छपराखाली गालिचा, लोड, दोन बकऱ्या. मी डबा पुढे ठेवला. मग तेच म्हणाले.

"राशिद को मालूम है क्या, तूने साइन नहीं किया?"

"मैंने किसी को नहीं बोला."

"मालूम पड़ेगा. फिर बोलेगा, अब्बा, अब गाड़ी मत चलाओ. आज पिस्तौल, कल गाड़ी की चाबी, परसों खेत. घर में बैठो, टीवी देखो." त्यांनी बकरीकडे बघत हात उडवला. "तेरे लिए एक लाइन है. मेरे लिए दरवाज़ा है, दिलीप. एक बंद हुआ, सब बंद."

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "बाबा, पिछली बार मैंने टेस्ट नहीं लिया. चाय पी के साइन किया. वो मेरी गलती है. आपको कुछ हो जाता तो मैं राशिद को क्या मुँह दिखाता?"

रागावतील असं वाटलं. त्याऐवजी म्हणाले, "कहवा पी."

आणि त्यांनी कहवा ओतला. तुम्ही ते इवलेसे कप पाहिले असतील, कान नसलेले, अंगठा आणि दोन बोटांत धरायचे. तो कप त्यांच्या बोटांतून निसटला. गालिच्यावर कहवा सांडला. त्यांनी दुसरा घेतला, तोही डळमळला. पण दुसऱ्या हातातला थर्मास, चांगला दीड लिटरचा, पोट सुटलेल्या माणसासारखा जाडजूड, तो हवेत स्थिर होता. थेंब हलत नव्हता.

मी कप सोडून थर्मासकडे बघत बसलो. सुजलेली पेरं पूर्ण मिटत नाहीत. बारीक वस्तूभोवती बोटं मोकळी राहतात. जाड वस्तू मात्र जिथे बोटं थांबतात तिथेच त्यांना भेटते. आणि म्हाताऱ्या बायकांची पेरं फुगलेली असली की वडील हात लहान दिसत असूनही बांगडी मोठी द्यायचे, हे मी हजार वेळा पाहिलं होतं. मी फक्त तरुण हातांचं शिक्षण लक्षात ठेवलं होतं.

"क्या देखता है?" अबू राशिद म्हणाले.

"बाबा, गुरुवार को आओ. आखिरी बार बोलता हूँ."

"तू मेरे को ऑर्डर देता है?"

"हाँ."

ते हसले नाहीत. पण एक वडी उचलली.

क्लबमध्ये पॉइंट टू-टूचं एक लांब नळीचं पिस्तूल होतं, जड, खास नेमबाजीचं. गोळी बारीक, त्यामुळे धक्का थोडा आणि स्प्रिंग मऊ. स्लाइड दोन बोटांनी मागे येते. त्याला लाकडी मूठ लावता येते. दुकानात मिळते ती मूठ तरुण पंजाची. मी अल कुसैसच्या एका सुताराकडून अक्रोडाचा ठोकळा कापून आणला आणि तीन दिवस दुपारच्या सुट्टीत कानशीने घासत बसलो. थर्मासची जाडी मनात धरून. फादी येऊन बघून गेला. "हे काय करतोस?" "मूठ करतोय, सर." "कुणासाठी?" मी सांगितलं. तो एसीचा रिमोट माझ्याजवळ ठेवून गेला. फादीच्या भाषेत तो बराच मोठा संवाद होता.

गुरुवारी ते आले. मी ठोकळा बसवलेलं रिकामं पिस्तूल हातात दिलं, ते म्हणाले इथे टोचतं, मी ठोकळा घासला. अंगठ्याखाली थोडं, मधल्या बोटाला थोडं. तासाभरात चार वेळा. पाचव्यांदा त्यांनी डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. मी कानस खाली ठेवली. पिस्तूल खाली आणून त्यांनी स्वतः मॅगझीन बसवलं. स्वतः स्लाइड खेचली, सरळ हाताने, नळी समोर. मध्ये मी नकली काडतूस घातलं होतं. 'टक्' झालं. त्यांनी खेचलं, नकली उडून पायाशी पडलं, पुढची गोळी गेली.

पन्नास झाल्यावर कागद जवळ आणला. सगळी भोकं एका लाडवाखाली झाकली गेली असती. शेजारच्या लेनमधलं एक तरुण पोरगं वाकून बघत होतं. अबू राशिद त्याच्याकडे न बघता म्हणाले, "क्या देखता है रे? पैसा लगेगा." मग आम्ही चहा घेतला.

असं वाटेल की इथे संपलं. नाही. परवान्याच्या शेवटच्या आठवड्यात ते फॉर्म घेऊन आले. पहिल्या ओळीवर मी तिथल्या तिथे सही केली. दुसऱ्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"मेरा वाला निकाल."

मी लॉकरमधून त्यांचं जुनं नऊ एमएम काढलं. फादी दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "बाबा, मैं ना बोलूँगा, मालूम है ना?"

"तू चुप बैठ. नकली डाल. छह के छह नकली डाल."

मी सहाही नकली भरली, पहिलं नेहमीसारखं चढवून दिलं. त्यांनी पिस्तूल समोर धरलं. चाप ओढला. 'टक्'. स्लाइडला हात घातला, खेचली. अर्धा इंच आली आणि परत गेली. पुन्हा खेचली. गळ्याच्या शिरा दिसल्या. मग पिस्तूल हळूहळू पोटाकडे यायला लागलं. मी जागचा हललो नाही. हलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं.

पोटापासून वीतभर अंतरावर पिस्तूल थांबलं. त्यांनी खाली नळीकडे पाहिलं. कुठे वळली आहे ते पाहिलं. चापावरचं बोट आधी काढलं. मग पिस्तूल परत समोर नेलं आणि नळी टार्गेटकडे ठेवून बाकावर टेकवलं.

"खलास," ते म्हणाले.

पेन मागून घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली. रेघ वेडीवाकडी आली. ते म्हणाले, "ये मैंने काटा है. लिख दे, मैंने काटा." मी बाजूला लिहिलं. फादीने शिक्का मारला आणि मान खाली घालून गेला. माझी नोकरी राहिली, पण तो विषय त्या खोलीत कुणालाच आठवत नव्हता.

पिस्तूल आता रीतसर जमा करायचं होतं, क्लबमार्फत. जमा करताना देणाऱ्याने मॅगझीन काढायचं, स्लाइड मागे खेचून धरायची आणि घेणाऱ्याला नळीमागचं काडतुसाचं घर रिकामं आहे ते दाखवायचं. मग दोघांनी बघायचं. त्याशिवाय मी ते हातात घेत नाही, मग समोर कुणीही असो.

मॅगझीन त्यांनी काढलं. ते जमलं. स्लाइडवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले. त्या जुन्या पिस्तुलाची मूठ एका बाजूला घासून अंगठ्याच्या आकाराची गुळगुळीत झाली होती. मग त्यांनी पिस्तूल तसंच, नळी भिंतीकडे ठेवून, माझ्याकडे सरकवलं.

"तू खींच," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला काही करून दे म्हटल्याचं मला आठवत नाही. मी स्लाइड खेचली, मागे धरली. आत राहिलेलं नकली काडतूस टणकन बाकावर पडलं. आम्ही दोघांनी वाकून आत पाहिलं. मी पाहून मान वर केली. ते वाकलेलेच होते.

"खाली है, बाबा," मी म्हटलं.

"मालूम है," ते म्हणाले. "देख रहा हूँ."